भस्मकेतूच्या अड्ड्यातल्या हवेशीर खोल्या

एका जंगलात, बाळांनो, साळिंदरदादा राहत असत. त्यांना खेळ रचायचा भारी नाद.

खेळ असा. सपाट खडकाभोवती बसायचं. दादा गोष्ट सांगणार आणि गोष्टीतला दुष्टही तेच होणार. बाकीच्यांनी व्हायचं महावीर, प्रत्येकाला एक अचाट शक्ती. आपला महावीर काय करतो ते तोंडानं सांगायचं. जमलं की फसलं, ते कवड्या टाकून ठरवायचं.

सांबर झाला वज्रशिंग्या. एका धडकेत डोंगर फोडणारा. कासव झालं गगनवीर, कारण त्याला उडायचं होतं. खार झाली भेदनेत्रा. तिला भिंतीपलीकडचं दिसे.

दुष्टाचं नाव भस्मकेतू. त्यानं गावातले सगळे ससे पळवून नेले होते. त्याचा अड्डा रचायला दादांनी अख्खा उन्हाळा घालवला. ज्वालामुखीच्या पोटात अड्डा, भोवती लाव्ह्याचा खंदक, पाय ठेवताच सरकणारी फरशी, तळघरात कोठड्या. आणि एक गुप्त कळ. ती ओढली की कोठड्या उघडणार, ससे भुयारातून निसटणार आणि मागे अड्डा ढासळणार.

"दुष्टालाही राहावंसं वाटलं पाहिजे," असं म्हणून दादांनी वरच्या मजल्यावर हवेशीर खोल्या काढल्या. तिथेच चुकलं.

खेळ सुरू झाला. गगनवीरानं सगळ्यांना खंदकापार नेलं. वज्रशिंग्यानं दार फोडलं. महावीर आत शिरले.

"दादा, वारा कुठून येतो?" सांबरानं विचारलं.

"पश्चिमेकडून. का रे?"

"छान लागतोय."

"आणि पाण्याचं कसं?" कासवानं मान बाहेर काढली.

"गरम झरा आहे. कायम वाहता. पण ते राहू दे! समोर भस्मकेतू उभा आहे." दादांनी काटे फुलवले, आवाज चढवला. "मूर्खांनो, मी जगाची राख करणार!"

"करा की," सांबर म्हणाला. "वरची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे का?"

विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायचं, असा खेळाचा नियम. दादा चाचरत म्हणाले, "आहे."

खार ताडकन उठली. "अरे, खाली ससे कोंडलेत! मला दिसतायत. एक पिल्लू भिंत खरवडतंय."

"तुला दिसतायत," कासव म्हणालं. "आम्हाला कुठे दिसतायत?"

सांबर जरा विचारात पडला. "दादा, त्यांचा आवाज वर येतो का?"

"नाही. भिंती जाड आहेत."

"मग मिटलं."

"मी कळीकडे धावते!" खार ओरडली.

"मी आडवा येतो," सांबर म्हणाला.

दोघांनी कवड्या टाकल्या. सांबराचं दान मोठं पडलं.

"अगं, वेडेपणा करू नकोस," कासवानं समजावलं. "पूर्वेची खोली तू घे. सकाळचं ऊन येईल."

"मला ससे सोडवायचेत."

"मग राहा सशांबरोबर."

वज्रशिंग्यानं भेदनेत्रेला तळघरात ढकललं. गगनवीरानं कुलूप लावलं. भस्मकेतू नुसता बघत राहिला. त्याच्या तोंडी काय घालावं, हे दादांना सुचेना. शेवटी ते एवढंच म्हणाले, "अरे, हे तर माझं काम होतं."

"तुम्ही दमला असाल," कासव प्रेमानं म्हणालं. "बसा जरा."

खारीचे डोळे भरून आले. "दादा, हा खेळच होता ना?"

"हो गं."

"मग हे दोघं इतक्या मनापासून का खेळले?"

दादा कवड्या गोळा करू लागले. खार झाडावर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी खडकापाशी सगळं जंगल लोटलं. शक्ती कुणालाच नको होती. जो तो खोल्यांची चौकशी करत होता. रांगेत सगळ्यात पुढे ससे होते.

"आणि तळघरात कोण राहणार?" दादांनी विचारलं.

"खार!" सगळे एका सुरात म्हणाले. ससे जरा जास्तच मोठ्यानं.

तात्पर्य : दुष्टाच्या अड्ड्यावर जरूर चाल करून जावं. मात्र उशीर करू नये. चांगल्या खोल्या आधी गेलेल्या महावीरांनी धरलेल्या असतात.