रामेश्वरच्या गाडीला दम लागतो

रामेश्वरने अ‍ॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला आणि गाडी विचार करायला लागली. डावीकडे कडबा लादलेला ट्रॅक्टर, मागे हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला कंटेनर, आणि मध्ये ही पंधरा वर्षांची पांढरी गाडी. तिने एक खोल उसासा टाकला, दोन आचके दिले आणि कशीबशी ट्रॅक्टरच्या पुढे सरकली. शेजारी बसलेल्या सत्यभामेने दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला होता आणि डोळे मिटले होते. अर्थात ती रोजच तशी बसायची. मुकुंदवाडीहून करमाडच्या शाळेपर्यंत तिला सोडायचे आणि वाटेतल्या प्रत्येक वाहनाला मागे टाकायचे, हा रामेश्वरचा नित्यनेम होता.

"बास झालं आता," करमाड आल्यावर तिने डोळे उघडले. "गुरुवारी तपासणी आहे ना हिची? पास झाली तर ठीक. नापास झाली तर सरळ भंगारात. मी बसनं जाईन."

"अगं, जराशी अडखळली फक्त."

"मी नाय अडखळणार. सांगून ठेवते."

याच गाडीतून त्याने सत्यभामेला लग्नानंतर घरी आणले होते. भंगारवाल्याचा हातोडा गाडीच्या टपावर पडतोय, हे चित्र त्याला दिवसभर कंपनीतही दिसत राहिले.

संध्याकाळी त्याने गाडी बुद्धभूषणच्या गॅरेजमध्ये घातली. बुद्धभूषण पोरगेलासा दिसायचा, पण गाडीचे दुखणे नुसत्या आवाजावरून सांगायची त्याची ख्याती होती. त्याने स्कॅनर लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"भाऊ, मशीन म्हणतंय गाडीला काहीच झालं नाय."

"मग मी काय स्वप्न पाहिलं का?"

बुद्धभूषणने प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. एअर फिल्टर बाहेर काढून उजेडात धरला. "हा तर एकदम चकाचक! गाडी चालवता का देव्हाऱ्यात ठेवता?" असे म्हणत त्याने तो परत आत बसवला. हळू चालवली की गाडी लोण्यासारखी चालायची. जोरात दाबले की तोच उसासा आणि तेच आचके.

बुधवारी शेवटची ट्रायल घेतली. चाक बुद्धभूषणच्या हातात, रामेश्वर शेजारी, आणि मागच्या सीटवर रामेश्वरचे वडील मुंजाबा. पिशोरला त्यांनी जन्मभर मेंढरे राखली होती. आता डोळा तपासायला म्हणून ते महिनाभरापासून मुलाकडे आले होते आणि गाडी निघाली की न विचारता मागे बसायचे.

"दाबू का?" बुद्धभूषणने विचारले.

"दाब."

त्याने दाबला. गाडीने आचके दिले. मागून येणारा टेम्पो कचकन ब्रेक मारून थांबला आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढून तिघांच्या खानदानाची चौकशी केली.

"तिला दम लागतोय का रं, रामा?" मुंजाबांनी मागून विचारले.

"अण्णा, ती बकरी नाय. तुम्ही जरा शांत बसा बरं."

मुंजाबांनी खिडकीकडे तोंड वळवले.

"भाऊ, पेट्रोलचा पंप बदलायचा राहिलाय फक्त. पण तो उद्यापर्यंत मिळत नसतो," बुद्धभूषण म्हणाला. रामेश्वरला त्या रात्री जेवण गेले नाही. सत्यभामेने मात्र बसच्या वेळा एका कागदावर लिहून फ्रीजला चिकटवल्या.

गुरुवारी तपासणीच्या मैदानावर रांग होती. सत्यभामा रजा काढून आली होती, निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायला. मागच्या सीटवर तिच्या शेजारी मुंजाबा तर होतेच. नंबर लागला तसे तपासणीच्या मेघा मॅडम चाकामागे बसल्या. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवला. सगळे व्यवस्थित. रामेश्वर शेजारी बसला होता. मॅडम सरळ पट्ट्यावर आल्या आणि त्यांनी जोरात दाबला.

उसासा. आचके.

"हे काय?" मॅडमनी गाडी थांबवली आणि पेनाचे टोपण काढले. "पिकअपच नाही हिला."

मॅडमचे पेन कागदाला टेकणार, तोच मागून आवाज आला.

"बाई, जास्ती दाबू नका. तिला मुसकं घातलंय."

गाडीतले बाकी तिघेही एकदम मुंजाबांकडे वळले.

"काय घातलंय?" मॅडमनी विचारले.

"मुसकं वं. मळणीत बैलानं दाण्यात तोंड घालू नये म्हणून बांधत्यात तसं. ह्यो रामा मला न्यायला पिशोरला आला तवा खळ्यावर मका चालली व्हती. ह्यानं गाडीचं झाकण उघडलं, तर आतली नळी सूं सूं करून समदा भुसा ओढत व्हती. म्हटलं, खोकला लागंल बिचारीला. दिलं गोणपाट बांधून."

बॉनेट उघडले गेले. हेडलाईटच्या मागे, खाली वळलेल्या हवेच्या नळीच्या तोंडाला गोणपाटाचा तुकडा सुतळीने पक्का बांधलेला होता. बुद्धभूषणला चकाचक फिल्टर दिसला होता, तो चकाचक का आहे हे मात्र कुणीच पाहिले नव्हते.

"अण्णा! सांगायचं नाय का?" रामेश्वर जवळजवळ रडायलाच आला.

"इचारलं कोण? तुमी समदे मिशनीत बघत व्हता. मी दम लागतो का म्हणलं तर शांत बसा म्हणला."

मॅडमनी हसू दाबत गोणपाट सोडायला लावले आणि पुन्हा चाक हातात घेतले. या वेळी दाबल्याबरोबर गाडी अशी सुटली, की मॅडमचा चष्माच नाकावरून घसरला. गाडी पास झाली.

परतीच्या वाटेवर रामेश्वरच्या अंगात वारे शिरले होते. त्याने दोन ट्रक, एक बस आणि एक वरात मागे टाकली. सत्यभामेने दांडा धरला, डोळे मिटले आणि ते घर आल्यावरच उघडले. घरी आल्यावर तिने फ्रीजवरचा कागद काढला आणि सासऱ्यांना चहा करून दिला. रविवारी मुंजाबा पिशोरला गेले.

सोमवारी सकाळी मुकुंदवाडीच्या सिग्नलला रामेश्वरने जोरात दाबले आणि गाडीने उसासा टाकला. पंप! शेवटी पंपच गेला! तो गुपचूप डाव्या बाजूने, एका ट्रॅक्टरच्या मागे मागे चालवत राहिला. करमाड जवळ आल्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडले.

नळीच्या तोंडाला जांभळ्या फुलांचे कापड होते. सत्यभामेच्या जुन्या साडीचे. कडेने बारीक टीप घातलेली, नाडी ओवलेली. त्याने तिथेच वडिलांना फोन लावला.

"अण्णा, हे मुसकं..."

"म्या नाय घातलं बाबा. सूनबाईनं चहा देताना 'मामा, गाठ कशी मारायची' एवढं इचारलं. म्या दावली. ती सुटत नसती बरं का."

रामेश्वरने तरीही गाठीला हात घातला. मग त्याची नजर बॉनेटच्या बाजूने काचेतून आत गेली. सत्यभामेचा हात दांड्यावर नव्हता. मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडे होते, आणि ती चक्क झोपली होती. पंधरा वर्षांत या गाडीत पहिल्यांदाच.

त्याने गाठीवरचा हात काढून घेतला आणि तिची झोप मोडू नये म्हणून बॉनेट अगदी हळू टेकवले.