ताडपत्रीवरून मोजलेलं जहाज

कुठलीही खिडकी रस्त्यावरून नुसती बघून मी तिची लांबी-रुंदी सांगू शकतो. ही बढाई नाही. चाळीस वर्षं पडदे शिवले आहेत. चुकलोच तर दोन बोटांनी चुकतो, आणि तेवढं दुमडीत जातं.

आमची ही मात्र माझ्या डोळ्यांवर कधी विसंबली नाही. "सांगितलंत, ऐकलं. आता टेपचं टोक धरा," म्हणायची. एक टोक माझ्याकडे, एक तिच्याकडे, आणि आकडा वहीत तिच्या अक्षरात. ती गेली त्याला चौदा महिने झाले. टेपला दोन माणसं लागतात, म्हणून मी दुकान बंद केलं आणि मुलीकडे राहायला आलो.

मुलीचं घर बंदराजवळ आहे. जावई तिथल्या जहाजांच्या कारखान्यात नकाशे काढतो. कारखान्यात तेव्हा एक मोठं प्रवासी जहाज तयार होत होतं. दुसरीही कुठलीतरी कंपनी त्याच सुमाराला जहाज बांधत होती, आणि आपलं तिच्याहून लांब भरावं अशी साहेबांची इच्छा. त्यामुळे जहाज पाण्यात सोडायच्या दिवसापर्यंत मापं कोणाला कळू द्यायची नाहीत असा हुकूम होता. अख्खं जहाज निळ्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेलं. कामगारांकडून, नकाशेवाल्यांकडून, सगळ्यांकडून सह्या घेतलेल्या. आमचा जावई मुळातच अबोल, त्यात ही सही. एकदा जेवताना मी सहज म्हणालो, "आज जरा उकडतंय, नाही?" त्यानं घास गिळला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "बाबा, त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

कारखान्याच्या फाटकासमोर एक सलून आहे. सकाळचा वेळ मी तिथे काढायचो. दाढी मी घरीच करतो, पण सलूनवाल्याला गिऱ्हाइकाइतकीच ऐकणाऱ्याची गरज असते. माझ्याशिवाय निवृत्त पोस्टमास्तर असायचे. दुसरा विषयच नव्हता.

"चारशे मीटर," सलूनवाला म्हणाला. "एक इंच कमी नाही."

"चारशे मीटरचं जहाज या बंदरात वळणार कसं?" पोस्टमास्तर म्हणाले. "अडीचशे. तेही फार झाले."

"तुम्ही मोजायला गेला होतात?"

"तुम्ही गेला होतात?"

"माझ्या खुर्चीत रोज कारखान्याची वीस डोकी बसतात."

"डोकी बसतात हो. तोंडं बंद ठेवून बसतात, त्याचं काय?"

हे दोन आठवडे ऐकून माझे कान किटले होते. मी पेपर खाली ठेवला. "तीन दिवस द्या मला. नक्की आकडा सांगतो."

"जावई सांगणार?" पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं.

"जावयाकडून मला अजून हवामान कळलेलं नाही," मी म्हणालो. "मी मोजणार."

लोक हसले. पण त्यांना एक गोष्ट सुचली नव्हती. ताडपत्री म्हणजे शेवटी कापडच, आणि कापडाचा विषय निघाला की माझं काम सुरू होतं. एवढी मोठी ताडपत्री कोणी अखंड विणत नाही. सहा मीटर पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, पट्ट्या एकमेकींना जोडतात. जोडात पंधरा सेंटिमीटर जातात. राहिले पाच मीटर पंच्याऐंशी. पट्ट्या मोजल्या की जहाज मोजलं.

कारखान्याच्या मागे रस्ता ओलांडायचा लोखंडी पूल आहे. तिथे उभा राहून मी मोजलं, तेही हिच्या पद्धतीनं. मोजताना कोणी हाक मारली की मी आकडा विसरतो, म्हणून ती माझ्या हातात दोरा द्यायची आणि दर पट्टीला गाठ मारायला सांगायची. अठ्ठेचाळीस गाठी झाल्या. मध्ये एक क्रेन आडवी आली होती, तिच्यामागे दोन पट्ट्या असाव्यात असं धरलं. पन्नास. गुणाकार केला, दोनशे साडेब्याण्णव मीटर. त्यात दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण मीटर दुमड धरली. जहाजाला दुमड कशाला, असं तुम्ही विचाराल. पण दुमड धरल्याशिवाय हिनं मला कधी आकडा लिहू दिलेला नाही.

दोनशे चौऱ्याण्णव.

हे पहिल्याच दिवशी झालं. उरलेले दोन दिवस पुलावर उभं राहून नुसतं काय करायचं? म्हणून मी जहाजाच्या आतलीही आखणी करून टाकली. वही दुकानातलीच होती. पुढच्या अर्ध्या वहीत हिचं अक्षर, 'डॉक्टरीणबाई, झोपायची खोली, डावी खिडकी' असलं. त्याच्या पुढच्या पानापासून माझं जहाज.

तिसऱ्या दिवशी सलूनमध्ये आकडा सांगितला. पट्ट्यांचा हिशोब ऐकून पोस्टमास्तरांनी अडीचशेचा हट्ट सोडला. सलूनवाल्यानं पेन घेऊन मोठ्या आरशावर लिहिलं, 'जहाजाची लांबी २९४ मीटर. मोजणारे पडदेकाका.' खुर्चीत एक वेल्डर बसला होता, अर्धी दाढी झालेली. त्यानं फोन काढून आरशाचा फोटो घेतला. त्याच्या फेसासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता जावई घरी आला. डबा तसाच, भरलेला. तो टेबलावर ठेवून तो खुर्चीवर बसला आणि डब्याकडे बघत राहिला.

मुलगी बाहेर आली. "बरं नाही का?"

"घरी पाठवलं," तो म्हणाला. "चौकशी आहे. आकडा बाहेर गेलाय."

"कुठे गेलाय?"

"समोरच्या सलूनमध्ये. आरशावर."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. हे बघणं तिनं आईकडून घेतलंय. "बाबा, काय केलंत तुम्ही?"

"मोजलं," मी म्हणालो. आणि मग, राहवेना म्हणून, जावयाला विचारलं, "बरोबर आहे का आकडा?"

"बाबा, ते मला सांगता येणार नाही."

"बरोबर नसता तर हे अकरा वाजता घरी आले असते का?" मुलगी म्हणाली.

खरं सांगतो, पहिल्या क्षणाला मला आनंद झाला. पन्नास पट्ट्या आणि पाऊण मीटर दुमड, आणि आकडा तंतोतंत. ते कोणाला सांगायचं म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळूनही बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

मग मुलगी शांतपणे बोलायला लागली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "तो आकडा एकोणीस जणांना माहीत आहे, बाबा. त्यातल्या एकाचाच सासरा फाटकासमोर बसतो. उद्या सकाळी चौकशी. आकडा यांच्याकडून गेला असं ठरलं की यांची नोकरी गेली. पुन्हा दुसऱ्या कारखान्यातही कोणी उभं करणार नाही."

"पण यानं मला काहीच सांगितलेलं नाही."

"ते आपल्याला माहीत आहे."

माझ्यामुळे झालं होतं, तर मीच निस्तरणार होतो. कोणाला न विचारता चपला घातल्या आणि सलून गाठलं. रुमाल ओला करून आरसा पुसला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, ३१०. म्हटलं, चुकीचा आकडा लिहिला की आधीचाही चुकीचाच होता असं वाटेल. हा विचार करताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

सलूनवाला कात्री थांबवून बघत होता. "बदलला?"

"आधीचा चुकला होता."

"पण काल तर तुम्ही पट्ट्या, दुमड, सगळं…"

"चुकला म्हणजे चुकला."

"जावई लवकर घरी आले ना आज?" तो हळूच म्हणाला. "मी फाटकातून बाहेर पडताना बघितलं."

"त्याचा काही संबंध नाही."

"नाहीच," असं म्हणून त्यानं एक डोळा मिटला. मी बाहेर पडल्यावर त्यानं ३१० च्या खाली लिहिलं, 'सुधारित. खात्रीलायक सूत्रांकडून.' हे मला संध्याकाळी कळलं, तोपर्यंत त्याचाही फोटो कारखान्यात पोहोचला होता. चौकशीवाल्यांनी सरळ अर्थ लावला. जावई घरी गेला, त्यानं सासऱ्याला झापलं, आणि सासऱ्यानं तासाभरात खरा आकडा पुसून खोटा लिहिला. खोटा आकडा मुद्दाम लिहिणाऱ्याला खरा माहीत असलाच पाहिजे.

संध्याकाळी जावयाला फोन आला. तो "हो" म्हणाला, परत "हो" म्हणाला, आणि फोन ठेवून मला म्हणाला, "उद्या तुम्हालाही बोलावलंय."

रात्री तो जेवला नाही. मला रागावला असता तर बरं वाटलं असतं.

चौकशी अधिकारी एक बाई होत्या. केस घट्ट बांधलेले, समोर दोन फोटो, आरशाचे. शेजारी कारखान्याचे मुख्य इंजिनीअर. जावई माझ्या बाजूला ताठ बसला होता, आणि त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलेलं होतं. मुलीच्या नजरेतून असं सुटत नाही. तिचंही चित्त थाऱ्यावर नसावं.

"आकडा कुठून मिळाला?" बाईंनी विचारलं.

मी पट्ट्या सांगितल्या. पन्हा, जोड, गाठी, क्रेन. वहीतलं पान दाखवलं.

इंजिनीअरांनी हिशोब वाचला. "क्रेनमागे दोन नाही, चार पट्ट्या आहेत," ते म्हणाले. "आणि ताडपत्री दोन्ही टोकांना जहाजाच्या पाच-पाच मीटर पुढे ताणलेली आहे. ते वजा करायला हवं होतं. तुम्ही उलट दुमड मिळवलीत."

"मग आकडा बरोबर कसा आला?" मी विचारलं.

"दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या."

"असं झालं, असं हे म्हणतात," बाई म्हणाल्या. "नकाशातून आकडा घ्यायचा आणि मग त्याला जुळेल असा हिशोब मांडायचा, हेही होऊ शकतं. कोणीही हेच करील." त्यांनी जावयाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शिवाय दुसऱ्या दिवशी तुम्ही आकडा बदललात. घाबरल्याशिवाय कोणी बदलतं?"

जावयानं माझी बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय बोलायला परवानगी आहे, हेच त्याला कळेना. याची नोकरी गेली तर माझ्या मुलीचं घर जाणार होतं, आणि ते मी, एका बापानं, एका बढाईपोटी घालवलेलं असणार होतं.

"आणखी काय काय माहिती मिळाली तुम्हाला जहाजाची?" बाईंनी पेन उचललं.

"सगळी," मी म्हणालो.

जावयानं डोळे मिटले.

मी पान उलटून वही पुढे केली. इंजिनीअर मोठ्यानं वाचायला लागले, आणि बाई लिहून घ्यायला लागल्या. "स्वयंपाकघर सर्वांत वरच्या मजल्यावर. कारण?"

"वास वरच्या वर जातो. खोल्यांत येत नाही."

"पोहण्याचा तलाव सर्वांत खालच्या मजल्यावर."

"समुद्र जवळ पडतो. भरायला सोपं."

बाईंचं पेन थांबलं.

"इंजिन… पुढे?"

"ओढायचं म्हटल्यावर पुढेच हवं ना."

"पाण्याची टाकी धुराड्याशेजारी?"

"आंघोळीला वेगळं पाणी तापवायला नको."

"आणि ही दोरी? या टोकापासून त्या टोकापर्यंत?"

"कपडे वाळत घालायला. एवढा वारा फुकट घालवायचा?"

इंजिनीअरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. खांदे हलत होते. जावई जमिनीकडे बघत होता, कान लाल झालेले. लग्नापासूनची सहा वर्षं तो माझ्यासमोर आपल्या कामाबद्दल का बोलत नव्हता, हे मला अर्धवट समजलं. सही हे एकच कारण नसावं.

पुढचं पान उलटून इंजिनीअर जरा थांबले. "ही खोली कोणाची?"

ती दोन माणसांची खोली होती. पलंग, चष्मा ठेवायला उजव्या हाताला फळी, कपाटातले हुक एरवीपेक्षा वीतभर खाली.

"अशीच काढली," मी म्हणालो. "आमची ही बुटकी होती. वर हात पोहोचायचा नाही."

इंजिनीअरांनी वही मिटून ती दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली, आणि बाईंकडे वळले. "माझ्या नकाशेवाल्यांपैकी कोणीही या गृहस्थांशी जहाजाबद्दल पाच मिनिटं जरी बोललं असतं ना, तर ही वही अशी झाली नसती. हा माणूस जावयाकडून काहीही शिकलेला नाही. मी लिहून देतो."

"तुम्ही नाही, हे लिहून देतील," बाई म्हणाल्या.

दहा मिनिटांत कागद टाइप होऊन आला. त्यात लिहिलं होतं, 'खाली सही करणाऱ्यास जहाजाची रचना, बांधणी व मोजमाप यांविषयी कोणतेही ज्ञान नाही, आणि दिलेला आकडा निव्वळ योगायोगाने बरोबर आला आहे.'

मी दोनदा वाचला. "मोजमाप हा शब्द काढता येईल का?" मी विचारलं. "बाकीचं मान्य आहे. पण चाळीस वर्षं मी…"

"बाबा," जावई म्हणाला. "सही करा."

सहा वर्षांत त्यानं मला केलेला हा पहिला हुकूम. मी सही केली. तीन प्रती होत्या, तिन्हींवर केली.

खाली आणखी एक ओळ होती. सही करणाऱ्याला जवळून ओळखणाऱ्या नातेवाइकानं, वरील मजकूर खरा असल्याची साक्ष द्यायची होती. बाईंनी कागद जावयापुढे सरकवला. त्यानं खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि तिन्ही प्रतींवर न थांबता सही ठोकली. लग्नाच्या नोंदणीच्या वेळी मी त्याच्या शेजारीच उभा होतो. तिथेही त्यानं इतक्या आनंदानं सही केली नव्हती.

आमची ही असती, तर तिनं पेन त्याच्या हातातून ओढून घेतलं असतं आणि आधी स्वतः सही केली असती.