डाव्या कानाचा स्पंज

आमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी राठोडकाकांच्या दोरीवर दोनच वस्तू वाळत असायच्या. हेडफोनचे दोन स्पंज. काळे, गोल, रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट. प्रत्येकाला स्वतंत्र चिमटा, आणि डाव्याच्या चिमट्याला लाल दोरा. खाली स्टुलावर काका काठी घेऊन राखणीला. चिमणी फिरकली तरी उठून उभे राहत.

काका हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी. आठवडाभर हळदीची पोती तोलून माणूस भुवयांपर्यंत पिवळा. दिवसभर कानांवर हेडफोन, त्यामुळे स्पंजही पिवळे. एकदा मी सहज त्यांच्या कमरेचा वॉकमन उघडून पाहिला. आत कॅसेटच नव्हती.

“काका, हे काय ऐकता?”

“ऐकून कोन राहिलं? स्पंज नरम करून राहिलो. नवा असला की टोचते.”

हेडफोन खरा तांड्यावरच्या आईसाठी. म्हातारीला कमी ऐकू येई. दर रविवारी अकराच्या एसटीने काका तिला गाणी ऐकवायला जात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

धुण्याचं शास्त्र होतं. साबण वर्ज्य, रिठ्याचं पाणी. “पिळायचा न्हाई, दाबायचा. कानाचा मामला हाय!” एकदा मी म्हणालो, दोन्ही स्पंज सारखेच तर आहेत. काकांनी माझ्या पायांकडे बघितलं. “चपला कशा घालतो तू? येईल ती येईल त्या पायात?”

मी तेव्हा हमाल-मापाड्यांच्या हक्कांची पत्रकं छापून वाटत असे. काकांनी एकदम पन्नास मागितली, तेव्हा माझा ऊर भरून आला. मोंढा जागा होतोय! दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर पाहिलं, तर ‘मापाडी बंधूंनो, एक व्हा’ या मथळ्यावर दोन ओले स्पंज ठेवलेले, आणि त्यांच्यावर आणखी दहा पत्रकं दाबलेली.

“कागद बेस हाय तुझा, पत्रकवाल्या,” काका म्हणाले. “पानी बराबर पिते. गुळगुळीत छापू नको बरं!”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

एका रविवारी काका दाढीला निघाले आणि काठी माझ्या हातात दिली. “नजर हटवू नको.” माझ्या खिशात नव्या पत्रकाचं प्रूफ होतं. ‘जुलमी’ची वेलांटी तपासेपर्यंत कावळा आला आणि एक चिमटा मोकळा करून गेला.

माझी बोंब ऐकून काका धावत परतले. एका गालाला साबण तसाच.

“कोन्ता नेला?”

“डावा.”

ते मटकन स्टुलावर बसले. “उजवा नेला असता तर भागवलं असतं रे.”

“का?”

“याडीचा डावा कान सोलून निघालाय.” याडी म्हणजे आई. “केसात चांदीची टोपली हाय तिच्या. सवाशिणीचा भारी डागिना, कानावर लोंबते. बाप हाय तवर ती काढायची न्हाई. वरून ती दाबते, खालून पिलास्टिक टोचते. मागं एकदा स्पंजाबिगर लावलं, तर म्हातारीनं हेडफोन कोंबड्यात फेकला. आता फेकला तर परत लावू द्यायची न्हाई.”

हिंगोलीत नुसते स्पंज मिळत नसत. दुकानदार म्हणे, अख्खा हेडफोन घ्या. एसटीला पाऊण तास होता. काकांची नजर अंगणभर फिरली आणि माझ्या मोपेडच्या सीटवर थांबली.

“काका, नाही.”

“बूड दगडावर टेकलं तरी भागते, पोरा. कानाचं तसं न्हाई.”

चूक माझीच होती. सीट मीच फाडली. काकांनी लहान वाटी ठेवून स्पंजाचा गोल कापला, चार वेळा कातरून पातळ केला, आणि सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडचा त्यांचा तांडा येईपर्यंत एसटीत डाव्या कानावर दाबून धरला. शेजारची बाई विचारत होती, “दाढ दुखते काय, भाऊ?”

मीही सोबत गेलो होतो. अपराधी माणसाला घरी चैन पडत नाही.

आई दारात बाजेवर बसलेली. काका “याडी!” असे ओरडले की कोंबड्या पळाल्या. म्हातारीने कपाळाला आठ्या घातल्या. काकांनी टोपली उचलली, हेडफोन खाली सरकवला, चांदी अलगद स्पंजावर सोडली. ती दोन बोटांनी चाचपत राहिली. तिने हात खाली घेतला.

काकांनी वॉकमनमध्ये कॅसेट घातली, बटण दाबलं.

“कुठली गाणी?” मी विचारलं.

“गानी कशाची? मीच हाय त्यात. घरच्या टेपात आठवडाभराचं बोलनं भरतो.”

“समोर तर बसलाय तुम्ही!”

“समोर बोंबलावं लागते. तांड्याला वाटते, पोरगं मायवर खेकसून राहिलं. तिलाबी तसंच वाटते. एक-दोनदा रडली. मंग म्हनलं, हळू बोलून भरावं.”

मी कान जवळ नेला. त्यांच्या बोलीत, बारीक आवाजात, काका काहीतरी सांगत होते, मध्येच खोकत होते. मला ‘मोंढा’ आणि ‘हळद’ एवढंच कळलं. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मध्येच म्हातारी मोठ्यांदा काही विचारून बसली. शेजारच्या दोन घरांतून माणसं डोकावली.

“काय म्हणते?”

“खोकला गेला का, म्हनते.”

त्यांनी मान हलवून हो म्हटलं. तिचे डोळे मिटलेले होते. मग ते बाजेवर तिच्या डाव्या अंगाला सरकले, आणि कॅसेटची बाजू संपेपर्यंत ती चांदीची टोपली एका बोटावर उचलून धरून बसले.