दोनशे बारा संदर्भ

एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अकरा वर्षं काढलेल्या एका परिचारिकेला संशोधन करण्याची इच्छा झाली. इच्छा रीतसर होती. अर्ज करून, तीन सह्या घेऊन तिने एक वर्षाची अभ्यासरजा मंजूर करून घेतली होती. विषयही रोज डोळ्यांसमोर असलेलाच. प्रतीक्षालयाच्या भिंतीवर परातीएवढं घड्याळ होतं. माणसं दर पाच मिनिटांनी वर बघायची आणि मग खिडकीशी येऊन तिच्या अंगावर खेकसायची. ते घड्याळ काढा, असं तिने तीनदा लेखी कळवलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं : ‘घड्याळामुळे रुग्णांची चिडचिड कमी होते, असे संशोधनाने सिद्ध झालेले आहे. सबब घड्याळ काढता येणार नाही.’

हे संशोधन आहे तरी कुठे, ते एकदा बघूच, असं तिने ठरवलं.

मार्गदर्शक म्हणून लाभलेले सर सज्जन होते आणि सतत बैठकीला निघालेले असत. दारात उभ्याउभ्याच ते म्हणाले, “आधी साहित्याचा आढावा घ्या. किमान दोनशे संदर्भ. सहा महिन्यांत जमले नाहीत तर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द झाली की रजाही रद्द.”

“पण सर, शोधायचं कसं?”

“संगणकावर,” असं म्हणून सर बैठकीला गेले.

तिने विद्यापीठातल्या संगणकाच्या शोधचौकटीत मनातला प्रश्न जसाच्या तसा लिहिला : ‘दवाखान्यात घड्याळ बघून माणसं जास्त का चिडतात?’ क्षणात चार लाख सदुसष्ट हजार लेख पुढ्यात आले. पहिला घड्याळदुरुस्तीवर होता, दुसरा गुरांच्या दवाखान्यावर, आणि तिसरा लेख नसून मनगटी घड्याळाची जाहिरात होती. पण हातातलं काम अर्धवट सोडायचं नाही, ही तिची जुनी खोड. ती एकेक लेख उघडून वाचत गेली. दहाव्या दिवशी तिला गाभण म्हशीच्या नाडीबद्दल पुष्कळ कळलं होतं.

“सापडलं का गं?” सासूबाईंनी जेवताना विचारलं.

“चार लाख सापडलंय.”

“मग झालं की! आता कशाला जातेस?”

तरी ती गेली, पण या वेळी वाचनालयात. तिथल्या ग्रंथपाल बाई निवृत्तीला टेकलेल्या होत्या आणि गेल्या कित्येक वर्षांत ‘चार्जर आहे का?’ याशिवाय त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी तिचा प्रश्न वाचला आणि चष्मा पुसला.

“अहो सिस्टर, प्रश्न माणसाला विचारतात. यंत्राला शब्द द्यायचे असतात.” त्यांनी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. एकात जागा, दुसऱ्यात वस्तू, तिसऱ्यात भावना. “आता प्रत्येकाखाली त्याची भावंडं लिहा. तुम्ही चिडचिड म्हणता. विद्वान चिडत नाहीत. त्यांच्याकडे ‘प्रतीक्षाकालीन भावनिक अस्वस्थता’ होते. भावंडांच्या मध्ये ‘किंवा’ घालायचं, रकान्यांच्या मध्ये ‘आणि’. जोडून आलेले शब्द अवतरणचिन्हांत कोंडायचे, म्हणजे ते पळत नाहीत. आणि काय शोधलं, कधी शोधलं, ते वहीत लिहा. नाहीतर पुढच्या महिन्यात तेच दळण पुन्हा दळाल.”

चार लाख सदुसष्ट हजारांचे दोनशे बारा झाले. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडू नका, आता वाचा. आधी सारांश, मग लेख, मग शेवटची संदर्भांची यादी. ती यादी तुम्हाला मागे नेते. आणि एखाद्या लेखाचा हवाला नंतर कोणी दिला ते बघितलं, की पुढे जाता येतं.”

ती मागे गेली. दोनशे बाराही लेखांत दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलेलं होतं की घड्याळामुळे चिडचिड कमी होते, हे सर्वज्ञात आहे. सर्वज्ञात कशावरून, तर आधीच्या लेखावरून. त्या लेखाला कशावरून कळलं, तर त्याच्या आधीच्या. अशी आजोबा-पणजोबा करत सगळी वंशावळ शेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका चार पानी लेखाशी येऊन थांबली. तो लेख संगणकावर नव्हता. तो दुसऱ्या गावच्या वाचनालयातून मागवावा लागणार होता, आणि त्यासाठी एक अर्ज होता. अर्जात एक रकाना होता : ‘यापूर्वी हा लेख कोणी मागवला होता?’

ग्रंथपाल बाईंनी जुनं रजिस्टर उलटंपालटं केलं, त्या वाचनालयाला फोन केला आणि लिहिलं, ‘कोणीही नाही.’

पाच आठवड्यांनी लेख आला. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं : ‘निरीक्षणाच्या संपूर्ण काळात प्रतीक्षालयातील घड्याळ बंद असल्याने त्याच्या परिणामाविषयी काहीही सांगता येत नाही. दुरुस्तीसाठी अर्ज केला आहे.’

सिस्टरने ते वाक्य ग्रंथपाल बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मग बाईंनी ते तिला वाचून दाखवलं. मग दोघी इतक्या हसल्या, की ‘शांतता राखा’ ही पाटी प्रथमच कोणाला तरी उद्देशून आहे असं वाटलं.

सर मात्र हसले नाहीत.

“तुम्ही तो लेख वाचलात?” त्यांनी दुखावल्या स्वरात विचारलं. “कशासाठी?”

“संदर्भ द्यायचा होता म्हणून.”

“सिस्टर, संदर्भ देण्यासाठी लेख वाचत बसलो तर संशोधन करायचं कधी?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तोच लेख आहे हो.”

“माहीत आहे, सर. दोनशे बारांपैकी तुम्ही सत्त्याण्णवावे.”

प्रकरण विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे गेलं. तिथे तिची वही फिरवण्यात आली : कोणते शब्द, कोणत्या तारखेला, किती लेख, कोणता का वगळला. इतका नीटनेटका शोध यापूर्वी कोणी केला नव्हता, असं समितीने एकमताने नोंदवलं आणि त्यामुळेच त्याबद्दल संशय व्यक्त केला.

“एका बाजूला दोनशे बारा लेख,” अध्यक्ष म्हणाले, “आणि दुसऱ्या बाजूला तुमचं एक वाक्य. समितीने काय करावं?”

“विज्ञान बहुमतावर चालत नाही, साहेब.”

“विज्ञान चालत नसेल. समिती चालते.”

रजेचे चार महिने उरले होते. तिच्या मते शीर्षक असायला हवं होतं, ‘घड्याळाने चिडचिड कमी होते, हे कोणीही तपासलेले नाही’. ते समितीला उद्धट वाटलं. सरांनी मध्यस्थी केली. आतला शब्दही बदलायचा नाही, फक्त शीर्षक सौम्य करायचं. तिने विचार केला, आत खरं लिहिलेलं आहे ना, मग वर काही का असेना. लेख छापून आला : ‘घड्याळ आणि रुग्णांची चिडचिड : एक सर्वंकष आढावा’. कुणालाही मोफत वाचता येईल, अशी सोयही तिने करून घेतली.

दोन वर्षांत एकेचाळीस संशोधकांनी तिचा हवाला दिला. शिकवल्याप्रमाणे ती पुढे पुढे जात एकेचाळीसही लेख वाचून आली. सगळ्यांच्या दुसऱ्या परिच्छेदात होतं : ‘घड्याळामुळे चिडचिड कमी होते, हे अलीकडील सर्वंकष आढाव्यातूनही सिद्ध झाले आहे.’ तिच्या रुग्णालयाने तिचाच लेख जोडून दुसऱ्या घड्याळाला मंजुरी दिली. ते समोरच्या भिंतीवर लागलं, म्हणजे पाठमोऱ्या बसणाऱ्यांचीही सोय झाली. सरांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं.

मग ती गोष्ट वर्तमानपत्रात आली, आणि तिथून फोनांवर. एका सकाळी सासूबाईंनी तिलाच मजकूर पाठवला : ‘रोज दहा मिनिटे घड्याळाकडे पाहा, रक्तदाब विसरा. परिचारिकेच्या संशोधनाने जग थक्क. दहा जणांना पाठवा.’ खाली तिच्या लेखाचा दुवाही होता.

“आई, तुम्ही हा लेख उघडून बघितलात?”

“अगं, तूच लिहिलायस ना? मग वाचायचा कशाला? तुझ्यावर विश्वास नाही का माझा!”

तो दुवा किती जणांनी उघडला, हे मोजायची सोय असते. मजकूर अठ्ठावीस हजार जणांनी पुढे पाठवला. लेख दोघींनी उघडला. एक ती स्वतः, आणि दुसऱ्या निवृत्त ग्रंथपाल बाई. उरलेल्यांची यादी सिस्टरकडे आहे. शोधायचं कसं, हे तिला आता चांगलं येतं. तुमचा फोन नंबर त्यात बराच वर आहे.