चीफ सावंतांची नळी

१९९४ साली एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास परदेशात, क्लेमेंटी नावाच्या उपनगरातल्या आमच्या फ्लॅटवर दोन पोलीस आले आणि त्यांनी स्टेनलेस स्टीलची एक वीतभर नळी मागितली. नळी चीफ सावंतांची होती. मी त्यांच्या एका खोलीचा भाडेकरू.

सावंत वेंगुर्ल्याचे. जहाजावर चीफ इंजिनिअर होते. वर्षापूर्वी जहाज सोडून इथल्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात लागले. माणसं ते धातूंवरून ओळखत. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "पत्रकार, तू ॲल्युमिनियम. लगेच तापतोस, लगेच निवतोस." त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, स्टेनलेस. "तापायला वेळ लागतो, पण तापली की दुपारपर्यंत हात लावायची सोय नाही."

रोज कुकर लावण्याआधी ते बायकोला घराबाहेर काढत. "नलू, खाली जाऊन बस." काकू निमूट लिफ्टने उतरून ब्लॉकखालच्या बाकावर बसत. भात झाला की चीफ खिडकीतून पांढरा टॉवेल हलवत. कारण विचारलं की म्हणत, "इंजिनरूममध्ये पॅसेंजर नको."

त्याच सुमारास त्यांनी एका मासिकात बंदुकीच्या सायलेन्सरवरचा लेख वाचला. मग दुसरा विषय उरला नाही. पोलीस येण्याच्या आदल्या दिवशी भर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, पिशवीतून नळी काढून ते मला इंग्रजीत समजावू लागले. "ॲल्युमिनियम हलकं, पण भराभर गोळ्या झाडल्या की मऊ पडतं. टायटॅनियम फार तापलं की ठिणग्या टाकतं. निकेलचा मिश्रधातू लालबुंद झाला तरी ताकद सोडत नाही. स्टेनलेस जड, पण विश्वासाचं."

समोरच्या बाईंनी पर्स छातीशी धरली. बेकायदा बंदुकीला इथे फाशीपर्यंतची शिक्षा आहे, हे डब्यात सगळ्यांना ठाऊक होतं. "चीफ, हळू," मी म्हणालो.

"हळू कशाला? विज्ञान आहे!"

मी एक स्टेशन आधी उतरलो.

आता त्या दोन पोलिसांतला सार्जंट नळीत डोकावून पाहत होता. आत भोकं पाडलेल्या चकत्या एकामागे एक बसवलेल्या होत्या. "अंकल, हे काय आहे?"

"सायलेन्सर," चीफ म्हणाले.

"चीफ, कशाचा ते सांगा," मी मराठीत म्हणालो.

"इंग्लिश, प्लीज," दुसरा पोलीस म्हणाला.

एमआरटीत बोलताना न थांबणारा हा माणूस दाराकडे बघत उभा राहिला. दारात काकू होत्या.

"सांगत का नाही?" काकू त्यांना म्हणाल्या आणि सार्जंटकडे वळल्या. "कुकर. व्हिसल." मग मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं: शेवटच्या सफरीत त्या चीफबरोबर जहाजावर होत्या. वाफेचा पाइप शिट्टीसारखा किंचाळत फुटला. एक फिटर गेला. तेव्हापासून शिट्टी ऐकली की आपले हातपाय गार पडतात.

चीफ पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. "तुला कोणी सांगितलं, मी तुझ्यासाठी करतोय म्हणून?"

"वर्षभर मला खाली बसवताय. मला कळत नाही होय?"

सार्जंटने विचारलं, कुकरच्या वाफेला एवढं जड स्टील कशाला?

"एकशेवीस डिग्री फक्त," चीफ म्हणाले. "ॲल्युमिनियमही चाललं असतं. पण हिच्या बाबतीत रिस्क नको."

सार्जंटने ते लिहून घेतलं. नळी तपासणीसाठी नेली, चीफचा पासपोर्टही.

पुढचे अकरा दिवस चीफ धातूंबद्दल एक शब्द बोलले नाहीत. लिफ्टचं दार आमच्या मजल्यावर उघडलं की तिघांचेही घास हातातच राहत. काकूंनी चीफचे दोन सदरे, गंजीफ्रॉक आणि रक्तदाबाच्या गोळ्या एका पिशवीत भरून ती दारामागे अडकवली होती. कुकर लागला नाही. भात पातेल्यात होत होता.

बाराव्या दिवशी सार्जंट एकटाच आला. त्याने पासपोर्ट आणि नळी परत दिली, पावतीवर सही घेतली.

चीफनी नळी कुकरच्या झाकणाला न जोडता शिट्टीच्या वर तारेने टांगली. "वाफ अडवायची नसते," ते म्हणाले, "दमवायची असते." मग सवयीने, "नलू, खाली जाऊन बस."

काकूंनी दारामागची पिशवी काढली आणि सदरे कपाटात ठेवले. मग त्या स्वयंपाकघरात आल्या आणि चीफचं मनगट धरून उभ्या राहिल्या. शिट्ट्या तीन झाल्या. आवाज आला, पण कमी. काकू खाली गेल्या नाहीत.