कपुरीवरचं छप्पर

ढोबळे काकांच्या टकलावर मी काय काय पाहिलंय म्हणून सांगू! कांद्याचं जाळीदार पोतं, फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा, नव्या टीव्हीबरोबर येतं ते फुगेवालं प्लास्टिक, आणि एकदा तर चक्क लग्नाच्या मांडवाची झालर. झालर मांडवालाच शिवलेली होती. नवरीकडची मंडळी जेवणं सोडून बघत राहिली आणि काका भर उन्हात तिच्याखाली डोकं घालून, डोळे मिटून, ताठ उभे! दोन मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "नाई जमत. अंदरून भाजते."

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि आमच्या दोघांच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्यामुळे या माणसाचे प्रयोग बघणं माझ्या नशिबातच लिहिलेलं. एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, थर्मामीटर मिळतो हो बाजारात. शाळेतला आणून देऊ का?"

"सुनंदा, थर्मामीटरले चटका बसते का वं? मले बसते. टेस्ट केल्याबिगर बोलाचं नाई!"

हे त्यांचं ब्रीदवाक्य. पाटबंधारे खात्यात तीस-पस्तीस वर्षं नकाशे काढले. रिटायर झाल्यावर नकाशे संपले, टेस्ट उरली. चहात साखर पडली की आधी चमच्यानं टेस्ट, मग कप तोंडाला.

तर या काकांनी फेब्रुवारीत जाहीर केलं की गच्चीवर ग्रीनहाऊस बांधणार. नागपुरात! जिथे मे महिन्यात कावळेसुद्धा चोच उघडी ठेवून बसतात तिथे! आमचे हे म्हणाले, "ग्रीनहाऊस? मग आपण राहतो ते काय आहे?"

ढाचा आठवड्यात उभा राहिला. बांबू आणि जुन्या कूलरचं लोखंडी स्टँड, पण जोडणी अशी की पुलाचं काम वाटावं. अडलं ते वरून काय घालायचं इथे. पॉलीहाऊसवाल्या माणसानं जो आकडा सांगितला तो ऐकून काकांनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, "महागाचं तर कोनीबी लावन. सस्त्यात लावून दाखवाले अक्कल लागते." आणि त्या दिवसापासून दिसेल ते फडकं, दिसेल ते प्लास्टिक त्यांच्या डोक्यावर जायला लागलं.

"पण आत लावणार काय?" मी विचारलं.

"काकडी," असं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. काकडीसाठी कोणी इतकं चोरून बघतं का?

कुंड्या आल्या तेव्हा पानं बघून माझ्या लक्षात आलं. कसली काकडी! विड्याच्या पानाचा वेल होता, कपुरी. पकडले गेल्यावर काकांनी आवाज अगदी खाली आणून सांगितलं. काकूंचं माहेर रामटेकचं. त्यांच्या वडिलांचा मोठा पानमळा होता. वडील गेले, मळा मोडला, भावांनी तिथे धान लावलं. विहिरीजवळ एकच म्हातारा वेल राहिला होता, तोही यंदा वाळला. वाळायच्या आधी मेव्हण्यानं त्याच्या तीन कांड्या कापून दिल्या त्या या.

"हे तीन गेले का खेळ खतम. त्या मळ्याचं मंग काईच नाई उरत. अन् तुह्या काकूले सांगू नको. आधी जगू दे."

काकूंना कळण्याची भीती नव्हतीच. गुडघ्यांमुळे तीन वर्षांत त्या गच्चीवर आल्या नव्हत्या. खाली त्यांना काकडीच सांगितलेली.

पहिलं छप्पर पारदर्शक प्लास्टिकचं; टेस्टसाठी आत एकच वेल, बाकीचे दोन जिन्याच्या सावलीत. मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहून लावलं. "काका, तो गोरा बर्फात उभा आहे हो!" मी कानीकपाळी ओरडले. पण टेस्ट केल्याबिगर बोलाचं नाई ना! मार्चच्या उन्हात आठ दिवसांत पहिला वेल आत असा शिजला की जणू अळूवडीसाठी वाफवलाय. काका ते काळं पान तळहातावर घेऊन बराच वेळ बसले होते.

दुसरं छप्पर फ्लेक्सचं, अगदी फुकट. चौकातल्या कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा उतरवलेला बॅनर. हात जोडलेला, गॉगल लावलेला तो एवढा मोठा चेहरा दुसऱ्या वेलावर पसरला. ऊन थांबलं, पण उजेडही थांबला, आणि खाली गरम हवा कोंडली. एप्रिल संपता संपता दुसरा वेल पिवळा पडून गेला. "यांच्या छत्राखाली काही वाढत नसतं, हे मी आधीच सांगितलं असतं," आमचे हे म्हणाले. काकांना हसू आलं नाही. आता एकच वेल उरला होता.

तिसऱ्या वेळी मात्र हिरवी जाळी आली. टकलानं पास केली. वेलाला एक कोवळं पानही फुटलं, आणि काका आठ दिवस गल्लीत छाती काढून फिरले. मग नवतपा लागला. आमच्याकडचे मे अखेरचे हे नऊ दिवस म्हणजे सूर्याला सूडच घ्यायचा असतो कुणाचा तरी. जाळीनं ऊन अडवलं, पण गरम वारा आरपार जायचा. तिसऱ्या दिवशी पानाच्या कडा कुरकुरीत झाल्या.

त्या दुपारी मी गच्चीवर वाळवण उचलायला गेले तर काय! काका वरून दोर ओढताहेत, खालून आमचे हे घामाघूम होऊन, तोंडातल्या तोंडात पुटपुटत ढकलताहेत, आणि मध्ये हवेत लटकतोय ढोबळ्यांच्या घरचा कूलर. हॉलमधला, एकुलता एक कूलर! तो वेलासमोर लागला, घरघरला, आणि काका विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघायला लागले.

पाच मिनिटांत जिन्यातून एकेका पायरीवर "अगं आई गं" ऐकू येऊ लागलं. बावीस पायऱ्या चढून काकू वर आल्या. हातात पदर, कपाळावर घाम.

"माहा कूलर कुठी हाये?"

मग त्यांना वेल दिसला. त्या जाळीखाली शिरल्या. पान उलटं करून पाहिलं. करपलेली कड चुरगळून नाकाशी धरली.

"काकडी म्हने!" एवढंच बोलल्या.

काकू वेलाजवळ उभ्याच. मग काकांकडे न बघताच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"कपुरीले असा वारा नाई चालत. ओल पायजे. जाळी राहू द्या, तिच्यावर धानाचं तनस टाका, पातळ. बाजूनं बांबूचे तट्टे लावा. दोन टाइम पानी शिंपा. आमचे बाबा असंच करत. अन् माहा कूलर खाली न्या."

आणि आल्या तशा "अगं आई गं" करत उतरून गेल्या.

मला काय संताप आला म्हणता! तीन महिने हा माणूस डोकं भाजत गावभर हिंडला आणि पानमळ्यात वाढलेली बाई त्याच्याच घरात पोळ्या लाटत होती! "काका, काखेत कळसा आणि गावाला वळसा! काकूंना आधी विचारलं काहून नाही?"

काका कूलरच्या बाजूला मटकन खाली बसले.

"कोनत्या तोंडानं विचारू वं? लग्न होऊन आली तवा पानाची चंची घेऊन आली होती. पानमळ्यातली पोरगी, जेवल्यावर पान खायची. दुसऱ्याच दिवशी म्या सांगतलं, हे लाल तोंड माह्या घरात चालनार नाई, ऑफिसातले लोकं येतात. तिनं चंची पेटीत ठेवून देल्ली. तवापासून पानाले हात नाई लावला. कोनाच्या लग्नात विडा आला तरी बाजूले सरकवते. रिटायर झालो, लोकं यायचे बंद झाले, तवा मले समजलं म्या काय केलं ते. माफी मागाले जातो अन् भलतंच बोलून येतो. मनलं, पानच द्याव तिच्या हाती. तिच्या बाबाच्या मळ्यातलं."

मला त्यांचा राग आला होता, तो काही खोटा नव्हता. पण त्या सोललेल्या, लाल झालेल्या टकलाकडे बघून मला भडभडून आलं. मी म्हटलं, "उठा. तणस कुठे मिळेल सांगा."

मे महिन्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कुठे मिळणार? फळबाजारात! आंब्याच्या पेट्यांमध्ये तणसच तर भरलेलं असतं, आणि आंबे काढले की ते लाथेनं बाजूला सारतात. माझ्या स्कूटीवर मागे काका आणि काकांच्या मांडीवर दोन पोती, अशा आम्ही तीन फेऱ्या मारल्या. तट्टे बुरडाकडून आणले. संध्याकाळी काका छपरावर तणस पसरू लागले आणि अंगणात खुर्ची टाकून काकू खालून ओरडू लागल्या, "पातळ! पातळ टाका ना! उजेड अडवून राहिले तुमी!"

"टाकून राहिलो ना वं पातळ!"

इतक्या वर्षांत त्या दोघांना इतकं मोठ्यानं बोलताना मी, किंवा गल्लीत कुणीच, ऐकलं नव्हतं. गच्चीभर हापूस आंब्याचा वास सुटला होता.

उरलेले सहा दिवस मी उठल्या उठल्या आधी भिंतीवरून डोकवायची. वेल तसाच. मरत नव्हता, वाढतही नव्हता. काका दिवसातून दोनदा पाणी शिंपायचे आणि घड्याळ बघायचे, जसा काही पेशंट आयसीयूत आहे. नवव्या दिवशी सकाळी अशी आरोळी आली की लोक आग लागली म्हणून बादल्या घेऊन धावले. तेल लावल्यासारखं चकचकीत, नखाएवढं नवं पान! काकांनी गल्लीत संत्रा बर्फी वाटली. कशाची म्हणून विचारलं तर सगळ्यांना एकच उत्तर, "छप्पर पास झालं!"

श्रावणापर्यंत वेल तट्ट्यावर चढून बसला. एका सकाळी काकांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. काकू वर आल्या होत्या, स्टुलावर बसल्या होत्या. काकांनी तळहाताएवढं पान खुडलं, पुसलं आणि दोन्ही हातांत धरून काकूंपुढे उभे राहिले. घसा खाकरला.

"म्या... तवा... ते चंची..."



काकूंनी पान घेतलं. देठ मोडला. "चुना कुठी हाये?"

काका गडबडले. जन्मात पान न खाल्लेला माणूस! चुना नाही, कात नाही, सुपारी नाही. तीन महिने छपराची टेस्ट केली आणि विड्याचा विचारच केला नाही. "आनतो! बस, उठू नको!" असं ओरडत ते बावीस पायऱ्या उतरून कोपऱ्यावरच्या पानठेल्याकडे पळाले. काकू पान हातात धरून, मान खाली घालून हसत होत्या. मी डोळे पुसले.

काका धापा टाकत पुड्या घेऊन आले. काकूंची बोटं काही विसरली नव्हती. चुना, कात, सुपारी, दोन घड्या, झाला विडा. त्यांनी त्याचे दोन भाग केले आणि एक काकांच्या हातावर ठेवला. काकांनी मुकाट्यानं तोंडात टाकला, चावला, डोळ्यांत पाणी आलं.

दुसरा काकूंनी खाल्ला. सावकाश, गाल फुगवून. मग ओठ पुढे करून माझ्याकडे वळल्या, सोळा वर्षांच्या पोरीसारख्या.

"सुनंदा, तोंड रंगलं का वं?"

मी काही म्हणायच्या आतच काका बोलले, "रंगलं. बम रंगलं."