परबभाऊंचा शिवणाचा तास

आमच्या तालुक्याच्या कचेरीत नवा माणूस रुजू झाला की आवक-जावकच्या टेबलावरचे परबभाऊ त्याला चहा पाजतात आणि मगच खरी मुलाखत घेतात. प्रश्न एकच. "शाळेत शिवण होता?"

गेल्या वर्षी कुणकेश्वरचा एक तरुण इंजिनीअर आला. त्याने पदवी सांगितली, कॉम्प्युटरचे दोन कोर्स सांगितले. परबभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ता बरा झाला. पण सुयेत दोरो घालूक येता?"

धामापूरला त्यांच्या शाळेत कार्यानुभवाला मास्तर नव्हते, म्हणून मुलांनाही मुलींच्या शिवणाच्या तासाला बसवत. तीस वर्षांच्या नोकरीत तेवढाच विषय उपयोगी पडला, असं ते शपथेवर सांगतात. "नागरिकशास्त्रात राष्ट्रपती कोण निवडता ता शिकयल्यानी. कपाटाची चावी कोणाकडे आसता, ता नाय." बीजगणितातला क्ष तर त्यांना कचेरीत एकदाही भेटला नव्हता.

आम्ही हसायचो. मग तपासणीचं पथक यायच्या सकाळीच इंजिनीअरच्या हातून रस्त्यांची जुनी फाईल सुटली आणि सगळे कागद पंख्याखाली उडाले. पोरगा रडकुंडीला आला. परबभाऊंनी ड्रॉवरमधून दाभण काढलं, पानं लावली आणि अर्ध्या तासात फाईल शिवून त्याच्या हातात दिली. पथक आकडे बघत होतं, परबभाऊ दाराआडून टाके बघत होते.

संध्याकाळी सगळे गेले तरी ते बसून असत. शिपाई खिडक्या लावू लागला की नाइलाजाने उठत. चांगली शिवलेली फाईल उसवून पुन्हा शिवताना मी त्यांना पाहिलंय. विचारलं तर म्हणत, "टाको वाकडो इलो." बायको जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

यंदा माझी आई गेली. जामसंड्याच्या घरात ती आणि मी, दोघंच राहायचो. तेराव्यानंतर पाहुणे परतले. पहिल्या रविवारी दुपारी मी आमटीभात केला, ताट वाढून घेतलं आणि नुसताच बसून राहिलो. तेवढ्यात दारात परबभाऊ. ते कोणाच्या घरी गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

"जेवलंस?"

"घास उतरत नाय, भाऊ."

ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "एकट्यान बसान जेवचा, ता माका पण अजून जमाक नाय. मी ओट्याकडे उभ्यानच खातंय."

मग चपला काढून आत आले. मांडणीवरचं ताट स्वतःच घेतलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. "माका वाढ. मगे तू जेव."

आम्ही जेवू लागलो. आमटीत मीठच नाही, हे मला तिसऱ्या घासाला कळलं. परबभाऊंनी मात्र दोनदा भात मागून घेतला. हात धुताना माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"फुडल्या रविवारी काय करतलंस?"